चमचाभर रांगोळी

३ नोव्हेंबर

केळी आणायला नवागामच्या बाजारात गेलेला माणूस कोंबडीची सात पिल्लं घेऊन परत आला. केळी आणलीच नाहीत. बुटांच्या खोक्याला पेनाने भोकं पाडलेली, ते खोकं छातीशी धरून आमचे हे रिक्षातून उतरले. रिक्षावाला हसत होता.

"हे काय?" मी विचारलं.

"गावठी आहेत," हे म्हणाले. मी काय त्यांचं कूळ विचारलं होतं?

या घरात आजवर अंडं आलेलं नाही. सुरत महापालिकेच्या मराठी शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, कोंबडीचं जीवनचक्र फळ्यावर साठ वेळा तरी काढलं असेल, पण कोंबडी फळ्यावरून खाली उतरून माझ्या दिंडोलीच्या रो-हाउसमध्ये येईल असं वाटलं नव्हतं.

कोरी राहिलेली टाचणवही सापडली, तीत हे लिहायला घेतलंय. ही वही मुख्याध्यापक तपासणार नाहीत, तेव्हा खरं ते लिहायचं. तर खरं असं की, तीन वर्षांपूर्वी चंद्रकांत बँकेतून निवृत्त झाले आणि यंदाच्या जूनपासून सकाळी उठेनासे झाले. साडेनऊपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडायचं, मग झोपाळ्यावर बसायचं. हातात पेपर, पान तेच. जेवायला वाढलं तर जेवायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "गोळ्यांनी निम्मं काम होईल. सकाळी उठावंसं वाटेल असं काहीतरी त्यांना सापडायला हवं. नाही सापडलं तर अवघड आहे."

उठायला कारण हवं म्हणे. मला छत्तीस वर्षांत कोणी कारण दिलं नाही, मी रोज पाचला उठते.

६ नोव्हेंबर

एक पिल्लू गेलं. मी म्हटलंच होतं. सहा उरली.

९ नोव्हेंबर

दिवाणखान्यात माझ्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी पुठ्ठ्याचं खोकं, वर साठचा बल्ब, खाली भुसा. वास येतो. हे पलसाणा रोडवरच्या मगनभाईच्या दुकानातून खाद्याची गोणी घेऊन आले. मगनभाई गुरांची पेंड विकतो, पण यांच्यापुढे त्याने अर्धा तास व्याख्यान दिलं आणि यांनी ते बँकेच्या सर्क्युलरसारखं पाठ करून आणलं. पहिले आठ आठवडे 'स्टार्टर', मग अंड्यावर येईपर्यंत 'ग्रोअर', अंडं दिसलं की 'लेयर'. कोंबडीला तीन इयत्ता आहेत हे मला आज कळलं.

शेजारच्या मंगलाबाईला बातमी लागायला वेळ लागला नाही. ही अमळनेरकडची बाई, नवरा उखा साड्यांच्या कारखान्यात. भिंतीवरून डोकं काढून बोलण्याची तिला सवय आहे, दार असतं हे तिला ठाऊक नाही. आज मात्र दारातून आली, खोक्यात हात घातला, एक पिल्लू उचलून त्याचं पोट दाबून बघितलं.

"साहेब, पानी थंडं नका दिऊ. जरा कोमट करा. आन् वाटी उथळ ठेवा, नही ते बुडी मरतीन."

यांनी लगेच वाटी बदलली. बँकेत ज्यांच्या सहीवाचून कर्ज हलत नसे, ते गृहस्थ मंगलाबाईच्या हुकमावर वाट्या बदलतात.

२१ नोव्हेंबर

हे साडेपाचला उठले. मी पाचला उठते, त्यामुळे मला त्यात विशेष वाटायचं कारण नाही. खोक्यावरचं फडकं बाजूला केलं आणि "काय मंडळी" म्हणाले. या जूनपासून मला "काय" एवढंही म्हणालेले नाहीत.

मग पाणी कोमट केलं, दाणे घातले, खाली बसून बघत राहिले. मी चहा नेऊन ठेवला. तो निवला.

७ डिसेंबर

आज कळस झाला. पोंक आणलं होतं, या मोसमातलं पहिलं. ज्वारीचे ते कोवळे हिरवे दाणे खायला लोक मुंबईहून सुरतेला येतात. ह्यांनी त्यातलं मूठभर कोंबड्यांपुढे टाकलं. वर मला सांगतात, "बारडोलीला फार आवडलं."

बारडोली म्हणजे गाव नव्हे. नोकरीत ज्या ज्या शाखेत होते, तिचं नाव एकेका कोंबडीला दिलंय. बारडोली, पलसाणा, उधना, कामरेज, ओलपाड, मांडवी. रिझर्व्ह बँकेला कळवलंय की नाही, ठाऊक नाही.

गाढवाला गुळाची चव काय, ही म्हण आता मला कोंबड्यांनाही लावता येईल, आणि मालकालाही.

३० डिसेंबर

आठ आठवडे झाले, वरच्या इयत्तेत प्रवेश. पण ग्रोअर एकदम द्यायचं नाही म्हणे. पोट बिघडतं. म्हणून आठवडाभर थोडं जुनं, थोडं नवं, रोज नव्याचं माप वाढवत न्यायचं. हे वाटीने मोजून मिसळतात. मी म्हटलं, "अहो, कोंबड्या आहेत त्या. उकिरड्यावर जगतात." हे म्हणाले, "उकिरड्यावर त्या स्वतः निवडून खातात, शैला. इथे आपण देऊ तेच त्यांना खावं लागतं."

मोठं वाक्य होतं. पाच-सहा महिन्यांतलं सगळ्यात मोठं. ते कोंबडीबद्दल निघावं, याची गंमत वाटली.

मागच्या अंगणात सुताराकडून खुराडं करून घेतलंय. निदान माझी पुस्तकं सुटली.

१६ जानेवारी

ओलपाड आणि मांडवी कोंबडे निघाले. आरवायला लागले. सोसायटीत आधीच कुजबुज होती, आरवल्यावर सेक्रेटरी स्वतः आले. दोन्ही मंगलाबाईला देऊन टाकले. तिच्याकडे त्यांचं काय होणार हे यांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि बहुधा कोंबड्यांनाही माहीत होतं. तरी हे संध्याकाळी जेवले नाहीत.

पुरुषाने एवढं हळवं असू नये. मी तसं बोलूनही दाखवलं.

चार उरल्या, चारही माद्या.

२८ जानेवारी

न्हाणीघरात पाय घसरला, डावं मनगट मोडलं. प्लॅस्टर. हाडांच्या डॉक्टरांनी कसलीशी तपासणी केली आणि माझी हाडं खडूसारखी ठिसूळ झाल्याचं सांगितलं. "बाई, हाडात कॅल्शियम साठवायचं ते तिशीच्या आत. पुढे माणूस नुसतं खर्च करतो. आता गोळ्या घ्या, पण खरी वेळ गेली."

मी विज्ञान शिकवलं आणि मला हे कळलं नाही. रिक्षात सगळा वेळ त्याचाच राग येत होता. वेळेवर कोणी सांगितलं असतं तर.

१ फेब्रुवारी

आज एक शास्त्रशुद्ध काम केलं.

अंड्याचं कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. हे सातवीच्या पोरालाही ठाऊक असतं. कोंबडी अंड्यावर आली की तिच्या हाडांतून कॅल्शियम जाणार. मगनभाईचं आणि मंगलाबाईचं मत काय, तर अंडं दिसलं की मग शिंपल्यांचा चुरा द्या. म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणा. साठा आधी करायला हवा, हाडं वाढत असताना. कोंबडीची तिशी म्हणजे हे आत्ताचे दिवस.

शिंपले घरात नाहीत. रांगोळीचा डबा आहे. दाराबाहेर रोज रांगोळी काढणारं या गल्लीत माझं एकच घर, त्यामुळे पाच किलोचा डबा कायम भरलेला. पांढरी रांगोळी दगडाची असते, पण कुठल्या दगडाची? बशीत चिमूटभर घेऊन वर लिंबू पिळलं. बुडबुडे आले. कार्बोनेट. संगमरवराची भुकटी. कितीतरी वर्षांनी प्रयोग केला, हात अजून तयार आहे.

सकाळी हे आंघोळीला गेले की दाणे मीच घालायचे आणि त्यात एक चमचा रांगोळी मिसळायची. यांना सांगितलं नाही. सांगितलं तर मगनभाईला विचारायला जातील.

४ फेब्रुवारी

भिंतीवर डोकं होतंच. "बाई, ते काय टाकतस दानामा?"

मी सांगितलं. तिला समजेल अशा भाषेत, कॅल्शियम हा शब्द टाळून.

"नका दिऊ, बाई. ह्या आजून तलंगा शेत. तलंगले चुना पचत नही. अंडा देवाले लागतीन ना, तवय द्या." तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली कोंबडी. एवढा एक शब्द आज शिकले, तेवढंच.

"कोणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"मन्ही माय सांगे."

तिची माय सांगे. एकतीस वर्षांची नोकरी एका बाजूला, अमळनेरची माय दुसऱ्या बाजूला. मी हसून आत आले.

१४ फेब्रुवारी

खाद्याची गोणी महिनाभर पुरायची, ती पंधरा दिवसांत तळाला आली. चार कोंबड्या एवढं खाणार नाहीत. मी यांना म्हटलं, "मंगलाबाईचा हात लांब झालाय. अंगणात येऊन भरून नेत असणार."

"ती नाही नेत," हे म्हणाले.

"मग कोण नेतं?"

"उंदीर असेल."

उंदीर. शेजारणीचा कैवार घेण्यापुरती वाचा आहे. हल्ली आंघोळही पाच मिनिटांत उरकतात आणि अंगणात जाऊन दाण्याची पाटी धूत बसतात. नळ चालू ठेवून. ज्या माणसाने जन्मात स्वतःचं ताट उचललं नाही तो कोंबड्यांची पाटी दिवसातून दोनदा धुतो. "सकाळचे दाणे मीच घालत जातो," असंही एकदा म्हणाले. मी म्हटलं, प्लॅस्टर डाव्या हाताला आहे, उजवा माझा मोडलेला नाही. पुन्हा बोलले नाहीत. एकदा नाही म्हटलं की यांचं बोलणं संपतं, हा यांचा स्वभावच. कणा म्हणून नाही.

२४ फेब्रुवारी

धुळ्याला यांच्या पुतण्याचं लग्न. मोठ्या भावाच्या घरचं कार्य, जाणं भाग होतं. मला प्लॅस्टरमुळे जमणार नव्हतं. हे आठ दिवसांसाठी गेले.

निघताना तीन वेळा सांगितलं. "फक्त गोणीतलं दे. दुसरं काही देऊ नकोस, शैला. नुसतं गोणीतलं." रिक्षात बसल्यावर चौथ्यांदा. घरकाम करणाऱ्या बाईला सांगतात तसं. खुराड्याच्या दारावर कागदही चिकटवलाय, त्यावर त्यांच्या त्या सुबक बँकी अक्षरात 'फक्त ग्रोअर'. मी कागद काढून टाकला. वाचता येतं मला.

आजपासून दोन चमचे. आठ दिवस कोणाची लुडबुड नाही.

२८ फेब्रुवारी

चौघी माझ्या हाताला सरावल्या. कामरेज तर पायात येते. मूर्ख प्राणी, पण ओळखतो. मी तिला हात लावला. पंख गरम असतात.

पाणी फार पितात, दोनदा भांडं भरावं लागतं. उन्हं चढायला लागलीत. शीट पांढरी आणि पातळ. कॅल्शियम पोचतंय याचंच ते लक्षण.

४ मार्च

हे परत आले. पिशवी ओट्यावर टेकवली आणि तसेच अंगणात. कामरेज कोपऱ्यात बसून होती, उठली नाही. पलसाणा उठली, पण दोन पावलं टाकून पुन्हा बसली. यांनी पाटी उचलली, तळावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिले. मग पाटी धुतली.

मला काही विचारलं नाही. मीही आपण होऊन बोलले नाही. प्रवासातून आलेल्या माणसाला आधी चहा द्यावा.

६ मार्च

कामरेज गेली. सकाळी खुराड्यात आडवी पडली होती.

मी म्हटलं, पुरून टाकू. हे ऐकेनात. कागदात गुंडाळून पिशवीत घातली आणि गुरांच्या डॉक्टरकडे निघाले. मी सोबत गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही.

डॉक्टर तरुण होता. मला बघून खुर्चीतून उठला. "बाई, ओळखलंत का? अक्षय. सातवी ब. तुमच्यामुळे विज्ञानाकडे गेलो." वाकून नमस्कार केला. मागे दोन माणसं म्हशीची काहीतरी चौकशी करायला उभी होती, त्यांनीही पाहिलं. मला फार बरं वाटलं. हे लिहायला हवं, कारण पुढचं त्यामुळेच झालं.

त्याने कोंबडी उघडली आणि आम्हाला दाखवली. मूत्रपिंडं सुजलेली, पांढरीफटक, आत भुकटी भरल्यासारखी. काळजावरही पांढरा थर. "तलंगेला कॅल्शियम जास्त झालं की असं होतं," तो म्हणाला. "अंड्यावर आली की कवचात निघून जातं. आधी दिलं तर जाणार कुठे? मूत्रपिंडांत साठतं. काय देत होतात? लेयरचं खाद्य? चुना?"

मी म्हटलं, "कोंबड्यांचं सगळं हे बघतात."

हे शब्द मी उच्चारले. कोणी माझ्या तोंडात घातले नाहीत.

यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या कामरेजकडे बघत म्हणाले, "हो. चूक झाली माझ्याकडून."

"काका, असं कोणी करतं का?" अक्षय म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "निदान बाईंना तरी विचारायचंत. घरात एवढं ज्ञान असताना." मग मला म्हणाला, "बाई, तुम्ही तरी लक्ष घालायचं होतंत."

मी मान डोलावली.

बाकीच्यांसाठी त्याने भरपूर पाणी सांगितलं, त्यात गूळ, आणि साधं ग्रोअर. परतताना रिक्षात हे पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. रिकामी होती ती.

८ मार्च

पलसाणाही गेली.

रांगोळीचा डबा माळ्यावर टाकला. दारात आज काही काढलं नाही. मंगलाबाईने भिंतीवरून बघितलं, पण काही म्हणाली नाही. तिला बोलायला एरवी निमित्त लागत नाही. आज निमित्त होतं, तरी बोलली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

१३ मार्च

बारडोली आणि उधना यांनी मंगलाबाईला दिल्या. खुराडंही दिलं. उखा आणि त्याचा भाऊ उचलून घेऊन गेले. "तिथे बऱ्या राहतील," एवढंच हे म्हणाले.

कोंबडी तिथे बरी राहील आणि इथे नाही.

२० मार्च

साडेनऊ वाजता उठले. काल दहा. तोंड भिंतीकडे. चहा नेला, निवला, परत गरम केला, परत निवला.

गोळी मी हातावर देते, तेव्हा घेतात. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मधल्या काळात फार सुधारणा होती हो. काय झालं?" मी म्हटलं, कोंबड्या मेल्या. त्यांनी विचारलं, कशाने? मी म्हटलं, आजाराने.

हे तिसरं खोटं. पहिलं अक्षयकडे. दुसरं मुलाला, केदारला फोनवर, तो पुण्याहून विचारत होता, बाबा बोलत का नाहीत. त्याला सांगितलं, वयाचं आहे.

माझ्या वर्गात एखाद्याने स्वतः शाई सांडून बाकावरच्या शेजाऱ्याचं नाव घेतलं की मी त्याला शाळा सुटेपर्यंत उभं करायची. आणि त्या शेजाऱ्यालाही फटकारायची, तू गप्प का राहिलास म्हणून. हा दुसरा मुलगा मला नेहमी जास्त नावडायचा. मेंगळट म्हणायची मी अशांना.

२ एप्रिल

दुपारी मी म्हटलं, "मंगलाबाईकडे जाऊन बघून तरी या त्यांना." हे म्हणाले, "कशाला?" त्यांनी भांडायला म्हणून विचारलं नव्हतं. खरंच कशाला, ते त्यांना आठवत नव्हतं.

मला भीती वाटते. लिहून ठेवते, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.

९ एप्रिल

मंगलाबाई दारातून आली, पदराखाली काहीतरी धरून. "साहेब, बारडोलीनं दिन्हं. पहिलं शे. पहिलं तुमलेच देवानं." लहान, किंचित तपकिरी अंडं. तिने ते यांच्या हातात ठेवलं. यांनी थोडा वेळ धरलं आणि झोपाळ्यावर शेजारी ठेवून दिलं.

ती गेल्यावर मी अंडं उचललं. आमच्या घरातलं पहिलं. कवचावर नख वाजवून बघितलं, चांगलं टणक होतं. पहिला विचार मनात आला तो असा की, ही माझ्या रांगोळीची कमाई. खरं ते लिहायचं ठरवलंय म्हणून हेही लिहिते. एवढं सगळं झाल्यावर पहिला विचार हा आला. आयुष्यभर मी ज्या ज्या माणसांना मूर्ख म्हटलं त्यांतलं कोणी इतकं मूर्ख नव्हतं.

मी यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि सांगून टाकलं. रांगोळी, लिंबू, एक चमचा, धुळ्याचे आठ दिवस दोन चमचे, अक्षयसमोर जे बोलले ते. सांगताना आवाज वर्गातल्यासारखा लागत होता, तो मला बदलता येईना.

हे ऐकून घेत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पाटीच्या तळाशी पांढरं राहायचं. तू आत गेलीस की मी सगळं काढून मंगलाबाईकडच्या उकिरड्यावर टाकायचो. पाटी धुवून नवीन घालायचो. तेवढ्या वेळात त्या थोडं खायच्याच. तरी निभलं. मग धुळ्याला जावं लागलं."

मला गोणी आठवली. मंगलाबाईला मी चोर म्हटलं होतं, तेही. ती रोज बघत होती, तिने कोणालाच काही सांगितलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "एका शब्दाने तर थांबले असते. चौघी जगल्या असत्या."

"तुला?" हे म्हणाले.

टोमणा असता तर मी तिथल्या तिथे परतवला असता. टोमणा नव्हता. ह्यांना खरोखर नवल वाटलं होतं. भिंतीला का नाही सांगितलंत असं कोणी विचारलं तर माणूस जसा बघेल तसे माझ्याकडे बघत होते. एक शब्द सांगण्यापेक्षा तीन आठवडे दिवसातून दोनदा लपून पाटी धुणं ह्या माणसाला सोपं वाटलं होतं. एवढी मी अवघड आहे.

मग मी विचारलं, "असं आणखी काय काय आहे, मला न सांगितलेलं?"

हे म्हणाले, "खूप आहे."

"सांगा."

"तू मध्ये बोलशील."

"नाही बोलणार."

ह्यांचा विश्वास बसला नाही. तरी अंडं उचलून हातात घेतलं, झोपाळा पायाने थांबवला आणि सुरू झाले. अगदी लग्नाच्या वर्षापासून. दोन वाजता सुरू झाले ते साडेचारला पाणी मागितलं तेव्हा नोकरीच्या दहाव्या वर्षापर्यंत आले होते. मी चार वेळा तोंड उघडलं आणि चारही वेळा मिटलं. त्यातलं बरंच मी वेगळं सांगू शकले असते. पाणी दिलं आणि परत येऊन बसले.